प्लगचा निळा दिवा

जळगाव जामोद, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आजही फ्रिजच्या स्मार्ट प्लगचं कनेक्शन संध्याकाळी तुटलं. सकाळी ते आपोआप जुळतं, पण तोवर रात्रभर फ्रिज बंद राहून दूध नासलेलं असतं. राउटर जवळ आणला, पासवर्ड नव्याने टाकला, ॲप काढून परत घेतलं. काऊन तुटते मग? आई गेल्यावर फ्रिज तिच्या खोलीत हलवला, तेव्हापासून हेच.

आज मोबाइलवर 'ऑफलाइन' दिसताच तिच्या खोलीत गेले. अंधार. प्लगचा निळा दिवाही दिसेना. मोबाइलच्या उजेडात बाबा खाटेच्या कडेला बसलेले दिसले, उपटलेला प्लग हातात घेऊन.

"बाबा, काऊन काढला?"

"त्या निळ्या दिव्यानं तिले झोप येत नाही."

"कोनाले?"

"तुह्या मायले. हळू बोल, आत्ताच डोया लागला तिचा."

खाटेवर कोणीच नव्हतं. पण चादर उशीपर्यंत नीट ओढलेली, आणि उशी मधोमध दबलेली.

बाबांना भास होतायत का? डॉक्टरांना दाखवायला हवं. हे सगळं आता सुचतंय. तेव्हा मात्र मी प्लग त्यांच्याच हातात राहू दिला आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.