आमच्या घरातला उथळ खड्डा

३ ऑक्टोबर
संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. विणकरांसाठी आखून वसवलेल्या या गावातलं एक घर जुन्यासारखं करून लोकांना दाखवायचं ठरलंय — आमचं! साऱ्या रांगांतली घरं एका साच्यातली, पुढच्या खोलीत हातमागासमोर मोठी खिडकी. बाई म्हणाल्या, "दारावर पाटी लावू. इथे कोण विणायचं?" मी छाती फुगवून बाबांचं नाव सांगितलं. अजून कानात आहे — बंद दारामागे मागाची खटखट, आणि त्या ठेक्यावर बाबांच्या आवाजात माझ्या पाठ्यपुस्तकातल्या कविता. मी कविता शाळेत कमी आणि त्या दाराला कान लावून जास्त शिकलो.

एक कोडं मात्र आहेच. शेजारी सगळे खिडकी उघडी टाकून उजेडात विणायचे. आमच्याच खिडकीला पडदा का?

५ ऑक्टोबर
गवंड्याने फरशा उचलल्या. खाली मागाचा खड्डा निघाला. विणकर काठावर बसतो, पाय आत सोडून पावड्या दाबतो — तो. ज्याचा माग, त्याच्या पायाच्या मापाने खणलेला. आमचा फारच उथळ.

"आजोबा, तुमचे वडील बुटके होते काय?" गवंडी म्हणाला.

बाबा तर दारातून वाकून आत यायचे!

६ ऑक्टोबर
काठावर बसून खड्ड्यात पाय सोडून पाहिले. गुडघे हनुवटीला टेकले. वर काढायला सुनेला हाका माराव्या लागल्या. "या वयात हे काय, मामंजी?" पोट धरून हसली.

८ ऑक्टोबर
थोरल्या बहिणीला, अक्काला, विचारलं.

"आत्ता उजेड पडला तुझ्या डोक्यात? आई विणायची, वेड्या. बाबांची बोटं वळेनाशी झाली होती. घर मिळायचं ते माग चालवणाऱ्या पुरुषाला. कळलं असतं तर बाहेर काढलं असतं आपल्याला."

"मग बाबा आत काय करायचे?"

"रस्त्यावरच्या माणसाला पुरुषाचा आवाज ऐकू यायला नको?" मग माझा हात घट्ट धरला. "पाटीवर लिहू नकोस हं. आईनेच शपथ घातली होती मला. बाबांचा मान जाईल."

परतताना एक कविता म्हणून पाहिली. ठेका आईच्या पायांचा होता.

९ ऑक्टोबर
शपथ अक्काची. पाटी माझी. झोप नाही.

१२ ऑक्टोबर
पाटी लागली. वर आईचं नाव — विणकर. खाली बाबांचं — कविता म्हणणारे. अक्का वाचत उभी राहिली. बाईंनी हौसेने जुन्यासारखा पडदा लावला होता. तो तिने स्वतःच्या हाताने काढला.