पेटीतल्या कपबश्या

माय, तुला लिहायला बसले आणि आधी हसूच आलं. तुला वाचता येत नव्हतं, आणि माझं लिहिलेलं तू दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं नसतंस. "तुझं तूच वाचून दाखव," म्हणाली असतीस. तर समज, वाचूनच दाखवते आहे. आज माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तुझ्या हॉटेलातल्या कपबश्या अजून तीत आहेत, निळ्या काठाच्या, कुणाचा कान उडालेला, कुणाच्या बशीला चीर. एकेक धुऊन ओट्यावर पालथी घातली आणि मग दुसरं काही काम सुचेना.

वसमतच्या मोंढ्याच्या बाजाराजवळ पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह, एवढ्याला सगळे हॉटेल म्हणायचे आणि तूही ऐटीत म्हणायचीस. वडील गेल्यावर तू ते बंद करशील असं भावकीला वाटलं होतं. तू पुन्हा स्टोव्ह पेटवलास आणि त्यावरच मला शिकवलंस. हळदीच्या हंगामात हमाल पिवळ्या हातांनी यायचे, चहा बशीत ओतून फुर्रकन ओढायचे. कपाच्या कानाला लागलेला तो पिवळा रंग राखेनं घासूनही पुरता निघायचा नाही. सगळ्या पक्षांची माणसं तुझ्याकडे यायची. कुणी फार तापलं तर तू चहा गाळता गाळता म्हणायचीस, "भाषन बाहीर. आत चहा." आणि मोठमोठी माणसं मुकाट्यानं बाहेर जाऊन भांडायची.

आमचा पक्ष निघाला तोही तुझ्याच मागच्या बाकड्यावर. जिल्हा नुकताच परभणीपासून वेगळा झाला होता. हिंगोलीत नवी ऑफिसं, नव्या पाट्या, आणि आपल्या गल्लीला नळ तेवढा नव्हता. अर्ज घेऊन कुठल्याही पुढाऱ्याकडे गेलं की तो आधी विचारायचा, तुमच्या गल्लीची मतं कुणाच्या शब्दावर पडतात? कुणाच्याच नाही म्हटलं की त्याचा चहाही यायचा नाही. म्हणून आम्ही तिघं जमलो, शिकवण्या घेणारी मी, समोरचे शिंपीभाऊ आणि एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टरकाका. साध्या माणसांचा पक्ष काढायचा, तिकीट साध्या माणसालाच द्यायचं, आणि मत मागताना जेवण नाही, दारू नाही, साडी नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. नाव मात्र ठरेना. रोज मोंढा उठल्यावर आम्ही नावावर वाद घालायचो. एक दिवस तू फडक्यानं बाकडं पुसत म्हणालीस, "बारशालाबी इतका टाइम लागत न्हाई. लेकरू चालाय लागंल तवर." काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याच संध्याकाळी नाव ठरलं.

त्याच बाकड्यावर तू मला एकदा चांगलंच धारेवर धरलं होतंस, तेही आठवतं. नळाच्या सह्या गोळा करून मी दमून आले होते. निम्म्या घरांनी दार लावून घेतलं होतं. मी म्हटलं, या लोकांना काही कळतच नाही. तू चहा दिला नाहीस. "हे लोक म्हंजी कोन?" विचारलंस. "तू काय परदेशातून आलीस? आपल्या घरी कोनी कागद घेऊन आलं तं मी अंगठा देते का लगेच? भ्या वाटते मानसाला."  दुसऱ्या दिवशी त्याच घरांत पुन्हा गेले, या वेळी कागद पिशवीत ठेवून, आणि आधी नुसती बसले. माझ्या पक्षाचं शिक्षण तिथून सुरू झालं असं मी नंतर भाषणांत सांगायचे, फक्त ते कुणी दिलं हे सांगायची लाज वाटायची. आता वाटत नाही.

नगरपालिकेची निवडणूक लागली आणि आपला वॉर्ड बाईसाठी राखीव निघाला. मोठ्या पक्षांनी आपापल्या पुढाऱ्यांच्या बायका उभ्या केल्या, आम्ही मला. तू आठवडी बाजारातून माझ्यासाठी चपला आणल्यास. "फिरायचं हाय तं आदी पायाचं पाहा." नेहमीसारख्या एक नंबर मोठ्या. मी तिशी ओलांडली होती, तरी तुझा हिशेब वाढत्या पायाचाच होता. मी पुढे कापूस कोंबला आणि सगळा वॉर्ड त्याच चपलांनी पालथा घातला.

चिन्ह मागताना काकांनी शिट्टीचा हट्ट धरला होता. जन्मभराची सवय, प्रचारात वाजवता आली असती. शिट्टी दुसऱ्याच अपक्षाला गेली. पक्ष पक्ष म्हणून आम्ही कितीही मिरवलो तरी कागदावर आम्हीही अपक्षच होतो. आम्हाला मिळाली कपबशी. शिंपीभाऊंना आनंद मावेना. "ताई, आपलं हॉटेलच हाय की! उद्यापासून मावशीचा एकेक कप म्हंजी आपला एकेक वाटायचा परचा. फुकटात परचार." मीही रात्रभर त्याच खुशीत होते.

सकाळी हॉटेलात आले तर तू उकळता चहा स्टीलच्या गिलासांत ओततेयस. कपबश्या नाहीत. सगळ्या या पेटीत, वर गोणपाट. म्हातारे हमाल कुरकुर करत होते, "बशी कुठं गेली गं बाई? हात पोळून राहिले." तू त्यांना गिलास धरायला फडकं दिलंस. काही गिऱ्हाईकं चार दिवसांत समोरच्या टपरीवर गेली. समोरच्या उमेदवाराची माणसं मुद्दाम येऊन विचारायची, "काहून मावशी, पोरीची निशानी लपवली का?" तू पैसे घेऊन गल्ल्यात टाकायचीस. मला मात्र ते लागलं. सगळ्या वॉर्डात मी कपबशी कपबशी करत फिरते आणि माझ्या आईच्या हॉटेलात ती दिसत नाही. एका दुपारी मी भांडायलाच आले. म्हटलं, तू माझ्या बाजूनं आहेस की नाहीस?

तू मला आत बसवलंस. आजही तू समोर दिसतेस, पदरानं कपाळ पुसतेयस, स्टोव्हची वात कमी करतेयस. "माझ्या कपातला चहा पिऊन कोनी तुला मत देलं," तू म्हणालीस, "तं ते चहाला देलं. तुला न्हाई." मी म्हटलं, अगं, बाकीचे बोकड कापतायत, आपला तर विकतचा चहा. तू माझ्याकडे पाहिलंस. "म्हनून तं तुमी नवा पक्ष काढला ना?"

 बाहेर येऊन शिंपीभाऊंना सांगितलं तर त्यांनी पुन्हा फुकटच्या परचाराचं नाव काढलं नाही.

मतदान समोरच्या नगरपालिकेच्या शाळेत होतं. दुपारी निवडणुकीचे एक साहेब पोलिसाला घेऊन थेट हॉटेलात आले. बूथजवळ उमेदवाराचं चिन्ह मांडलंय अशी कुणीतरी तक्रार केली होती. त्यांनी बाकड्याखाली पाहिलं, फळीवर पाहिलं. सगळीकडे गिलास. साहेब जरा ओशाळले. तू विचारलंस, "चहा घेता का? गिलासात हाय." त्यांनी घेतला, पैसे दिले आणि गेले. तू हे तक्रारीच्या भीतीनं केलं नव्हतंस. तरीही त्या दिवशी तुझ्या हट्टानं मला वाचवलं, आणि मी शाळेच्या भिंतीला टेकून रडले, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल.

मी पडले. पडले, पण गल्लीगल्लीतून मतं आली होती, ज्या घरांनी दार लावलं होतं तिथूनही आली असणार. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू पेटी काढलीस, कपबश्या धुतल्यास आणि पहिला चहा माझ्यासमोर ठेवलास. "पी. आता ती नुसती कपबशी हाय." इतका गोड चहा तू कधी केला नव्हतास.

पुढच्या निवडणुकीच्या आधीच तू गेलीस. त्या खेपेला शिंपीभाऊ निवडून आले आणि गल्लीला नळ आला. नंतर काका गेले, शिंपीभाऊ थकले, पक्षही हळूहळू मिटला. लोक विचारतात, काय मिळालं? मी नळ दाखवते. मनात तू असतेस. मत मागण्यात जे थोडंफार सरळपण माझ्यात राहिलं, ते तुझ्या गिलासांमुळे.

हा कागद पेटीतच ठेवीन, कपबश्यांच्या वर. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तू मत देऊन आलीस, बोटाला शाई होती, आणि हात न धुताच चहा टाकलास. मत कुणाला दिलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, असं मीच दारोदार सांगत फिरत होते, म्हणून विचारलं नाही. पुढेही कधी नाही. पण माय, ते एक मत, नुसती पोरगी म्हणून का होईना, तू मला दिलेलं असावंस असं मला फार वाटत होतं. अजून वाटतं.