तुमच्या बाकाजवळची खिडकी

आप्पा,

आपल्या चर्चच्या खिडक्यांना रंग चढतोय, आणि तुमच्या बाकाजवळच्या खिडकीचं काय करायचं ते मला कळेना झालंय. खरी रंगीत काच घडवून आणणं मंडळीला झेपणारं नाही, म्हणून साध्या काचेवर आपणच चित्रं रंगवायची आणि ती तावदानं बसवायची असं ठरलं. काच माझ्या दुकानातली. खाली चित्राचा कागद ठेवायचा, मेंदीच्या असतो तसल्या कोनानं काळी रेघ ओढायची, ती वाळली की मध्ये रंग भरायचा. लग्नात मेंदी काढणाऱ्या बायकांचा हात त्या कोनावर असा बसलाय, की आम्ही बाप्ये नुसती काच धरतो. चित्रातल्या मेंढपाळाच्या अंगरख्यावरही त्यांनी मेंदीतल्या कोयऱ्या काढल्या. पाळकसाहेब बघत राहिले. परवा एक आक्का मेंढराकडं बघून म्हणाली, "ह्याचं तोंड थेट आमच्या ह्यांच्यासारखं आलंय गं." दुसरी म्हणाली, "मग कान जरा मोठं काढ, कायतरी ऐकंल तरी." मी मागंच काच धरून, हसू दाबत उभा होतो.

आता तुमची तेवढी खिडकी उरलीय. आई गेल्यावर तुम्ही जागा बदलून तिथं बसायला लागलात, कारण तिथून मागच्या दफनभूमीतली आईची कबर दिसते. रंग दिला की दिसायची नाही. मी हे बोललो, तर पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "तुमचे वडील आता तिच्या शेजारीच आहेत. खिडकीतून बघणार कोण?"

तुम्हीही एक काही सांगून गेला नाहीत. मी लहान असताना तंबाखूच्या वखारीतून सुट्टी काढून तुम्ही मला निपाणीहून बेळगावला, कॅम्पातलं मोठं चर्च दाखवायला नेलंत. अजून दिसतं मला: तुम्ही टोपी काखेत धरून उभे आहात, तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं पसरून त्यांवर लाल-निळा उजेड घेताय आणि म्हणताय, "आपल्यात असं पायजे बघ रं." पुढं आई गेली, मी दुकान टाकलं, आणि तुमचीच हौस म्हणून तुमच्या खिडकीला रंगीत काच बसवतो म्हणालो, तर चारचौघांत खडसावलंत, "त्या काचंला हात लावायचा न्हाय." आता कुठल्या आप्पांचं ऐकू? तिच्या शेजारी पोचल्यावर तुमचं काय म्हणणं आहे, ते कुणाला विचारू?

गेल्या रविवारी मी तुमच्या जागेवर बसून पाहिलं. तुम्हां दोघांच्याही कबरी दिसतात. उपदेश कशावर झाला ते मला सांगता यायचं नाही.

हे पत्र दुकानाच्या गल्ल्यातच राहील, म्हणून लिहितो. बायका रोज विचारतात, "अण्णा, शेवटची काच कवा देताय?" मी सांगतो, संपलीय, कोल्हापूरहून यायचीय. काच दुकानात आहे, आप्पा. मापाला कापूनसुद्धा ठेवलीय.