निरीक्षणाचे पंचवीस तास

३ डिसेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि छोटी बरे असाल. मी ठीक आहे. थंडी पडलीय. सकाळी दुकानात माझे हात गार असतात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची काडी बसवायला गेले की माणूस दचकतो आणि मी माफी मागते. रोजचं एवढंच.

फोनवर आपण दोघं हवापाण्याच्या पुढे जात नाही, आणि हे सांगायला मला जरा जागा लागेल, म्हणून पत्र. मी पुन्हा शिकायचं म्हणतेय. स्पीच थेरपी, दोन वर्षांचं मास्टर्स. वाचा गेलेल्या, अडखळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या लोकांवर उपचार करायचं शिक्षण. छत्तिसाव्या वर्षी वर्गात बसणार म्हणून हसायचं असेल तर आत्ता हसून घे.

तीन विद्यापीठांचे फॉर्म आणलेत. पंधरा जानेवारीपर्यंत मुदत आहे. जुन्या गुणपत्रिका, दोन शिफारसपत्रं, 'तुम्हाला या क्षेत्रात का यायचंय' याचं दोन पानी निवेदन, आणि पंचवीस तासांचं निरीक्षण. म्हणजे जाणकार माणूस पेशंटबरोबर काम करत असताना कोपऱ्यात बसायचं, बघायचं आणि तोंड उघडायचं नाही. हा शेवटचा भाग मला जमेल असं वाटतं.

माझी पदवी भौतिकशास्त्राची, म्हणून दोन विषय आधी पुरे करायला सांगितलेत. त्यांचा संध्याकाळचा क्लास जूनपासून चालू आहे. तुला बोलले नव्हते. दादा, हे फार गमतीचं आहे. गळ्यावर दोन बोटं ठेव आणि 'स्स्स' म्हण. काही हलत नाही. मग 'म्म्म' म्हण. आत मधमाशी बसल्यासारखं वाटतं. आता तोच 'म्म्म' चालू असताना नाक दाब. बंद! इतकी वर्षं आपण 'म' तोंडाने म्हणतो अशी माझी समजूत होती. छोटीला करायला सांग, तिला आवडेल. मी दुकानात करत बसले होते, तर मालक म्हणाले, "गळा कशाला धरलाय? पगारवाढीचं बघतो म्हटलं ना!"

निरीक्षण मी स्पीचवाल्या बाईंकडे करतेय. झटक्यानंतर बाबांना बोलायला शिकवायच्या त्याच. बाबा गेले तेव्हा तू दोन दिवस आला होतास, त्यात त्या येऊन गेल्या. उंच, पांढरे केस, कुणाशी न बोलता दारात उभ्या होत्या त्या. शिफारसपत्रही त्याच देणार आहेत. पण माझं निवेदन वाचून त्यांनी पहिल्याच वाक्यावर काट मारली. मी लिहिलं होतं, 'वडिलांच्या आजारपणातून मला प्रेरणा मिळाली.'

"हे वाक्य मी दरवर्षी वाचते," त्या म्हणाल्या. "वडील बदलतात, वाक्य तेच. खरंच का यायचंय तुम्हाला?"

मी म्हटलं, विचार करते.

"करा. पण मग जे सापडेल तेच लिहा, शोभेचं नको."

निवेदनाची नक्कल सोबत जोडलीय. तुझा हात लिहिता आहे. काय कमी आहे ते कळव.

वहिनींना नमस्कार. छोटीला गोड पापा.

तुझी,
धाकटी

&nbsp;

२० डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. 'आपली घुमी आता जगाला बोलायला शिकवणार, आम्ही कान साफ करून बसलोय' हे वाचून मी एकटीच हसले. छोटी दोन दिवस नाक दाबून फिरतेय आणि शाळेतून तक्रार आलीय, याबद्दल माफी.

निवेदनाबद्दल तू लिहिलंस की 'भाषा चांगली आहे, पण यात तू कुठे आहेस ते दिसत नाही.' बाईंचंही तेच म्हणणं आहे. चौथ्यांदा लिहितेय.

सतरा तास झाले. काय काय बघितलं ते सांगते.

एक शाळेतल्या शिक्षिका येतात. वीस वर्षं वर्गात ओरडून स्वरतंतूंवर गाठी आल्यात, म्हणून तीन आठवडे पूर्ण मौन. त्या पाटीवर लिहितात. परवा त्यांनी लिहिलं 'अजून किती दिवस' आणि खाली करकरून तीन रेघा ओढल्या. बाई म्हणाल्या, "मॅडम, ओरडायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

दुसरे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. बाबांसारखाच झटका, डाव्या मेंदूत. त्यांना 'मंगळवार' म्हणता येत नाही. पण 'सोमवार'पासून सुरुवात करून दिली की घरंगळत रविवारपर्यंत जातात, वाटेत मंगळवारही स्वच्छ येतो. जिना चढून वर जायचं आणि दुसऱ्या पायरीवर थांबता यायचं नाही, असं काहीतरी. शिव्या तर अस्खलित. त्यांच्या बायकोने मला सांगितलं, "मला हाक मारायची म्हटली की घाम फुटतो यांना. आणि पंख्याच्या रेग्युलेटरला काय काय म्हणतात ते ऐका!" हे ऐकून सगळ्यात जास्त तेच हसले.

बाईंना विचारलं असं का. त्या म्हणाल्या, मनाशी जुळवून बोलायचे शब्द एकीकडे असतात आणि हजारदा केल्याने अंगात मुरलेलं दुसरीकडे. एक घर जळलं तरी दुसरं राहू शकतं. माणसाच्या डोक्यात असं काय काय कुठे कुठे ठेवलेलं असेल, याचाच मी बसमध्ये विचार करत असते. दोनदा माझा थांबा चुकला.

आणखी एक गोष्ट. बाई पेशंटला प्रश्न विचारतात आणि दहा सेकंद थांबतात, घड्याळ लावून. शेजारी बसलेले घरचे लोक मात्र तीन सेकंदांत उत्तर देऊन मोकळे होतात. "त्यांना साखर नको असते." "ते दमलेत." मी वहीत नोंद ठेवली. अकरा जणांपैकी नऊ जण चार सेकंदांच्या आत.

तू शेवटी विचारलंयस की आजारपणाच्या त्या अकरा महिन्यांत बाबांनी तुझी कधी आठवण काढली का. त्यांना बोलता येत नव्हतं, ते तुला माहीत आहे. चहा म्हणजे ब्रश, औषध म्हणजे ब्रश, मीसुद्धा ब्रश. चाळीस वर्षं रंगाचं दुकान चालवलं आणि तोंडात तेवढा एक शब्द राहिला. याबद्दल नीट लिहीन पुढच्या वेळी. आज क्लास आहे, निघायला हवं.

तुझी,
धाकटी

&nbsp;

२ जानेवारी

प्रिय दादा,

त्या दिवशी क्लास नव्हता. सुट्टी लागली होती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आज देते. मधेच थांबावं लागू नये म्हणून दुकानातून अर्धा दिवस रजा घेतलीय आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय.

निरीक्षणाचे शेवटचे तास व्हिडिओ बघून पुरे करता येतात. बाई पेशंटच्या घरच्यांची परवानगी घेऊन काही तास चित्रित करून ठेवतात, सुधारणा मोजायला. त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचेही आहेत. बघायचे की नाही ते तुम्ही ठरवा." मी म्हटलं, बघते. काम असं होतं की एकेक सेकंद जसा आहे तसा कागदावर उतरवायचा. कोण बोललं, किती वेळ गप्प होतं, हात काय करत होते. काही सुधारायचं नाही, अर्थ लावायचा नाही.

आजाराच्या तिसऱ्या महिन्यातला तास आहे. टेबलावर कप, कंगवा, किल्ली आणि बटणांचा जुना फोन. वस्तू ओळखायच्या सरावासाठी. बाबा मधे, समोर बाई, डावीकडे मी. बाई विचारतात, "आज कुणाशी बोलावंसं वाटतंय?"

बाबा फोनकडे बघतात. दोन सेकंद. मग मी म्हणते, "माझ्याशी बोलतातच की दिवसभर." आणि हसते. बाई मला हाताने थांबवतात. मी ते तेव्हा पाहिलंच नव्हतं.

बाबा डाव्या हाताने फोन जवळ ओढतात. उजवा गेलेलाच होता. आणि बटणं दाबतात. मोजून दहा. मधे थांबत नाहीत, अडखळत नाहीत. मग रिसीव्हर उचलायला हात नेतात, आणि मी म्हणते, "बाबा, फोनशी खेळू नका," आणि फोन माझ्याकडे सरकवते. ते म्हणतात, "ब्रश." मी बाईंना सांगते, "त्यांना चहा हवाय."

कॅमेरा बाजूने लावलेला होता. कोणतं बटण ते एका नजरेत दिसत नाही. पण बारीक बघायचं हेच तर माझं काम. बाईंनी तोच फोन कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला आणि त्या बाहेर गेल्या. मी चित्र थांबवत थांबवत, बोट कुठल्या ओळीत आहे ते बघत, एकेक आकडा लिहिला. सहाव्या आकड्यालाच मला कळलं होतं. तरी दहाही लिहिले.

तुझ्या घरचा नंबर आहे, दादा. नव्या घरचा.

तू बाबांचं दुकान सांभाळणार नाही म्हणालास आणि गेलास, त्यानंतर चार वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. तो नंबर मीच कागदावर लिहून गल्ल्याच्या खणात ठेवला होता. "काही अडलंनडलं तर," म्हटलं. त्यांनी न बघता खण बंद केला. मी समजले, संपला विषय. पण आजारात त्यांना स्वतःचं वय सांगता येत नव्हतं, पाच बोटं मोजता येत नव्हती, आणि हे दहा आकडे बोटाला येत होते. एकदोनदा वाचून असं होत नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "खूपदा दाबला असेल तरच."

म्हणून मला तुला विचारायचंय. त्या चार वर्षांत रात्री बाबांचं दुकान बंद व्हायच्या वेळी तुला असे फोन यायचे का, की उचलल्यावर पलीकडे कुणीच बोलत नाही? पुरावा म्हणून विचारत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचंय.

आता माझा भाग.

झटका आल्यावर तू दर रविवारी फोन करायला लागलास. पहिल्या रविवारी मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. त्यांनी "ब्रश, ब्रश" केलं, रडले, टेबलावर हात आपटला. पुढच्या रविवारपासून मी तुला सांगू लागले, झोपलेत, दमलेत, त्यांना फोन नको वाटतो. तू तीनदा विचारलंस, "मी येऊ का?" तीनदा मी म्हटलं, "सध्या नको, तू दिसलास की त्यांना त्रास होईल." मी त्यांना विचारलं नव्हतं. एकदाही नाही. तू धरून चाललास की त्यांचा राग गेला नाही, आणि मी तुला तसं धरू दिलं.

त्यांना जपत होते, असं मी वर्षभर स्वतःला सांगितलं. थोडं खरंही असेल. पण आपल्या घरी जेवताना तुम्ही दोघं बोलायचात, वाद घालायचात, आणि मी वाढायचे. बाबांची वाचा गेली आणि पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर, शेजारी, गिऱ्हाइकं, तू. "काय म्हणतात बाबा?" आणि मी सांगायचे. मला ते आवडत होतं. तू आला असतास तर त्यांच्या चेहऱ्यावरून तुला माझ्याआधी कळलं असतं, आणि मी पुन्हा वाढायला उभी राहिले असते.

हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

निवेदनात हेच लिहिलंय. व्हिडिओत मला काय दिसलं ते, आणि मला लोकांना बोलतं करायचंय की त्यांच्या जागी बोलायचंय हे अजून नक्की माहीत नाही, पण जे माझं चुकलं ते नीट कसं करतात हे शिकायचंय. बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "एखादं विद्यापीठ हे वाचून घेणार नाही तुम्हाला."

"मग?"

"मग काय! माझं पत्र मी याच कागदाला जोडणार."

पण त्यात तू आहेस, म्हणून तुझ्या होकाराशिवाय पाठवणार नाही. नक्कल सोबत आहे. व्हिडिओ दवाखान्याबाहेर देत नाहीत. तू कधी आलास तर बाई तुला दाखवतील. मी खोलीत बसणार नाही.

आणखी एक. तुला तीन विद्यापीठांचं लिहिलं होतं. चौथं तुझ्या शहरात आहे, तुमच्या घरापासून दोन बस बदलून. तिथला अभ्यासक्रम मला सगळ्यात जास्त आवडला. फॉर्म भरून ठेवलाय, सही केलेली नाही. तुला माझं तोंड बघवत नसेल, तर तिथे येऊन तुझ्या आसपास राहण्याचा मला हक्क नाही.

एक ओळ पुरे. वहिनींना सांगायला लावू नकोस, आणि काहीच न लिहून मला समजून घ्यायला लावू नकोस. उत्तर नाही असलं तरी ते तुझंच हवंय. तुझ्या मनात काय असेल ते यावेळी मी ठरवणार नाही.

तुमच्या दोघांच्या मधून उठलेली,
तुझी बहीण