मंजुषाचा पेपर आणि बाभळीच्या शेंगा

३० डिसेंबर २०२४, सोमवार. वेळ अमावस्या.
शेतात सणाची पंगत: कडधान्यं-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, वीस माणसं. मेहुण्यानं वर्तमानपत्र पुढं केलं. म्हणाला, "भावजी, ही तुमचीच विद्यार्थिनी ना?" फोटोत मंजुषा. नळदुर्गच्या आमच्या कॉलेजात माझ्याच झूलॉजीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. आता पुण्यात संशोधक. उस्मानाबादी शेळीला जुळी करडं का होतात, यावर तिचा रिसर्च पेपर म्हणे इंग्लंडच्या जर्नलमध्ये आलाय.
हा विषय माझा! बाभळीच्या शेंगा खाणाऱ्या शेळीला जुळी होतात, हा सिद्धांत मी सतरा वर्षं शिकवतोय. २०१३ साली त्यावर माझा पेपरही आहे. बातमीत माझं नाव नाही. चष्मा पुसून परत पाहिलं. नाही.
भज्जी घशाखाली उतरेना. तिसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा.
सूड घेणार. शांतपणे. शास्त्रीय पद्धतीनं.

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ६.
नव्या वर्षाचा संकल्प: मंजुषाची चोरी जगापुढं आणणे. शिवाय गोड बंद.

त्याच दिवशी, ६.४०.
तिचा पेपर इंटरनेटवर सापडला. मथळा, सहा ओळींचा सारांश, त्याखाली कुलपाचं चित्र. पूर्ण वाचायचा असेल तर एकोणचाळीस डॉलर. म्हणजे माल माझा, चोरला तिनं, आणि तो बघायला तिकीट मी काढायचं!
सहा ओळी चारदा वाचल्या. नीट कळल्या नाहीत. गुन्हा मात्र स्पष्ट दिसतो.

३ जानेवारी, शुक्रवार.
तक्रार ठोकली. मूळ प्रत प्राचार्यांना, दुसरी विद्यापीठाला, एक ईमेल थेट इंग्लंडला. "सदर पेपरची मूळ कल्पना सर्वस्वी माझी आहे." सही, शिक्का, तारीख.
प्राचार्यांनी विचारलं, पेपर वाचलात का? मी म्हणालो, साहेब, स्वतःची म्हैस ओळखायला पंचनामा लागत नाही. त्यांनी तक्रार फायलीत सरकवली. मुद्दा पटला.

६ जानेवारी, सोमवार.
लायब्ररीत गेलो. दीपाली मॅडम म्हणाल्या, ते जर्नल आपल्याकडं येत नाही. मग म्हणाल्या, "लेखिकेलाच मेल करा की, सर. मागितलं की पाठवतात सगळे." लायब्रेरियन असून ही समज! शत्रूच्या दारात झोळी घेऊन उभं राहू? मेलो तरी मेल करणार नाही.

९ जानेवारी, गुरुवार.
एका फुकट साइटवर पेपर मिळतो असं कळलं. दाबलं. फोनमधून परदेशी बाई बोलू लागली. बंदच होईना. आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, तीन मिनिटं ऐकलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. फोन दुरुस्तीला सोलापूरला.
याचाही हिशेब मंजुषाच्या नावावर.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.
फोन परत आला. पहिलाच मेसेज मंजुषाचा! "सर, तिळगूळ घ्या, गोड बोला." निळी टिक पडू दिली. उत्तर दिलं नाही. बस तडफडत.
तिळाच्या सात पोळ्या खाल्ल्या. सण गोडात धरत नाहीत.

२६ जानेवारी, रविवार.
झेंडावंदनानंतर माझं भाषण. ऐतिहासिक. म्हणालो, जनतेच्या पैशातून झालेलं संशोधन कुलपात? नळदुर्गच्या माणसानं ज्ञानाच्या दारात तिकीट काढायचं? फोडा ती कुलपं! टाळ्या थांबेनात. (जिलेबी भाषणानंतर होती, हा भाग वेगळा.)
प्राचार्य खाली उतरून म्हणाले, "लई भारी, सर. सुरुवात आपल्यापासूनच करू." मला 'खुलं संशोधन' कक्षाचा प्रमुख केलं. सगळ्या प्राध्यापकांचे जुने पेपर कॉलेजच्या वेबसाइटवर टाकायचे, कुणीही वाचावेत. मंजुषाच्या आधीची माझी तारीख आता जग बघणार!

१ फेब्रुवारी, शनिवार.
चौदा पेपर चढवले. माझा सगळ्यात वर.

४ फेब्रुवारी, मंगळवार.
तीन दिवसांत माझा पेपर दोनशे बारा जणांनी उघडला. स्टाफरूममध्ये शिरलो तर सगळे हसत होते. वाटलं, अभिनंदन.
दीपाली मॅडमनी पान चार मोठ्यानं वाचलं: "नळदुर्ग परिसरात बर्फ वितळू लागला की शेळ्या खालच्या कुरणांत उतरतात."
फिजिक्सच्या कोरे सरांनी विचारलं, बर्फ कोणत्या साली पडला होता? मी हवामानबदलाचा मुद्दा मांडला. चालला नाही. खरं म्हणजे एक परिच्छेद हिमाचलच्या एका लेखावरून संदर्भासाठी घेतला होता. नावं बदलायचं काम टायपिस्टचं. एक परिच्छेद. फार तर तीन.
दुपारच्या तासाला बीएस्सीची सगळी मुलं कानटोप्या घालून बसली होती.
याला जबाबदार मंजुषा. सुडाचा वेग वाढवणे.

९ फेब्रुवारी, रविवार.
साक्षीदार आठवला. बोरी नदीपलीकडं सिदू नावाचा धनगर शेळ्या राखतो. २०१३ साली संशोधनासाठी त्याच्याकडं गेलो होतो. दोन तास. आज माझ्या नावानिशी तयार जबाबच टाइप करून नेला: "हा प्रश्न सर्वप्रथम बिराजदार सरांनीच विचारला."
सिदूच्या बायकोनं, गजराबाईनं चहा दिला. मी सगळं सांगितलं. म्हणालो, पेपर असा कुलपात ठेवलाय की कुणाच्या बापाला वाचता येत नाही.
सिदू म्हणाला, "कुलपात? आमच्याकडं हाय की."
गजराबाईनं पदराला हात पुसले आणि मोबाइल काढला. अख्खा पेपर. बारा पानं इंग्रजी, वर आठ पानं मराठी, मंजुषानं मुद्दाम लिहून दिलेली. लेखकांत मंजुषा पहिली. दुसरं नाव गजराबाईचं, तिसरं सिदूचं.
"चार वर्सं येत हुती पोरगी," सिदू म्हणाला. "दर म्हयन्याला. कोन कवा व्याली, किती झाली, समदं वहीत."
"वही म्या लिव्हली," गजराबाई म्हणाली. "ह्यांला कुठं लिव्हता येतंय!"
मग तिनं मला वाचून दाखवलं. बोट ठेवून, सावकाश. पान तीन: "बाभळीच्या शेंगांमुळं जुळी होतात अशी एक स्थानिक समजूत आहे. तिला कोणताही आधार आढळला नाही." आईला जुळी होत असतील तर लेकीला होण्याचा संभव जास्त, असं पुढं.
सिदू म्हणाला, "त्ये तर तुमास्नी बी तवाच सांगितलं हुतं, सर. तुमी म्हनला, शास्त्रात बसत न्हाय."
असं म्हणालो असेन. मला आठवत नाही. आठवतं.
गजराबाईनं फोन लावून माझ्या कानाला दिला. मंजुषा म्हणाली, "सर! तुम्ही रागावलात असं वाटलं मला. पेपर पाठवू का? तुम्हीच वर्गात विचारलं होतं, जुळी का होतात म्हणून. तिथूनच सुरू झालं सगळं." बाभळीच्या समजुतीपाशी तुमचं नाव मुद्दाम घातलं नाही, असंही म्हणाली. हळू आवाजात.
मी रेंज नसल्यासारखं केलं.
जबाब खिशातच ठेवला. सिदूच्या एका शेळीनं तो अर्धा ओढून खाल्ला. अडवली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार.
इंग्लंडहून उत्तर. अतिशय सभ्य. पेपरमधला नेमका कोणता मजकूर आपला आहे, पान आणि ओळ कळवावी.
मंजुषानं सकाळीच पेपर पाठवलाय, त्यामुळं शोधणं सोपं गेलं. पान तीन, ओळ सात. सगळ्या पेपरात तेवढी एकच गोष्ट माझी. तीच चुकीची.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
तक्रार मागं घेतली. प्राचार्य म्हणाले, कारण लेखी द्यावं लागेल. प्रकृती, व्याप, कौटुंबिक अडचण, तीन कागद फाडले.
चौथ्यावर लिहिलं: "सदर पेपर वाचला."