गरम पाण्याची आंघोळ

बाई,

कालपासून टेबलावर परीक्षेची पुस्तकं पसरून बसले आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सेससाठी आता वेगळं प्रमाणपत्र असतं, त्याची परीक्षा असते, आणि निवृत्त झाल्यावर मला त्या मुलींना शिकवायला बोलावतात. मुली हुशार आहेत. मेंदूचे फोटो बघून पांढरे डाग कुठे आहेत ते पटकन दाखवतात. काल एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही या आजाराचा पहिला पेशंट कधी बघितला?" मी म्हणाले, "तुमच्या आया परकरात असतील तेव्हा," आणि पुढच्या धड्याकडे वळले. पण घरी आल्यापासून तुम्ही काही डोळ्यांपुढून हलत नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा तो उन्हाळा. मी नगरच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि तुम्ही बायकांच्या वॉर्डच्या प्रमुख. आम्ही मुली तुम्हाला बाईच म्हणायचो. सिस्टर म्हटलेलं तुम्हाला आवडत नसे. सकाळी सातला तुम्ही वॉर्डात शिरायचात, तेव्हा तुमच्या पातळाला तांदळाच्या पेजेच्या खळीचा वास असायचा. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. त्यातलं थोडं पाणी मागच्या पडवीतल्या बंबात तापायचं, तेही बाळंतिणींपुरतं.

घोडेगावच्या बाजूची एक बाई बैलगाडीतून आली. वय पंचविशीचं, पदरात चार वर्षांची मुलगी. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सकाळी इतरांच्या बरोबरीनं हातोडा चालवायची आणि ऊन चढलं की पाय लटपटून खाली बसायची. मुकादमानं कामचुकार म्हणून नाव काढून टाकलं होतं. आदल्या वर्षी एका डोळ्याला तीन आठवडे अंधारी आली होती, ती आपोआप गेली. सासूचं म्हणणं एकच, "काम दिसलं का हिला दुखणं येतंय." तपासून काही निघालं नाही तर तिला माहेरी पोचवून यायचं, कायमचं, असं घरात ठरलेलं होतं. नवरा पायरीवर बसून असायचा, फारसा बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "सिस्टर, अंग लई दुखतंय, जरा कडक पाणी मिळंल का?" मला दया आली. बाळंतिणींच्या पाण्यातली एक बादली मी चोरून तिला दिली. न्हाणीपर्यंत ती भिंतीला हात न लावता चालत गेली होती. आंघोळ झाली आणि तिला उठताच येईना. "दिसंना मला," ती म्हणाली, "समदं धुरकट झालंय." मी आणि दुसऱ्या एका मुलीनं धरून तिला खाटेवर आणली. तासाभरानं बघते तर ती मुलीची वेणी घालत बसलेली. मला तिचा संताप आला. चोरून दिलेल्या पाण्याचाही असेल. "मघाशी दिसत नव्हतं ना?" असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी तिला विचारलं, आणि वहीत लिहिलं, 'पेशंट नाटक करते.'

दुपारी तुम्ही मला ड्यूटी रूममध्ये बोलावलंत. वही उघडी होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत, कधीच चढवत नव्हतात.

"हे तू पाहिलंस?"

"हो बाई."

"नाटक पाहिलंस, की पाय पाहिलेस?"

तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत.

"तिला काय झालं ते लिही. ती कशी आहे ते लिहायला तुला कुणी सांगितलं नाही. आता आठवून सांग, न्हाणीत जाताना कशी होती, पाणी कसं होतं, उठायला किती वेळ लागला."

बंबातली बादली कबूल करावी लागली. मला वाटलं, आता चोरीबद्दल बोलणी बसणार. पण तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "ऊन आणि गरम पाणी," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः तिला गार पाण्यानं आंघोळ घातलीत. ती आपल्या पायांनी परत आली. मग तुम्ही डॉक्टरांना गाठलंत. त्यांनी डोळे पुन्हा पाहिले, तळपायावर किल्ली ओढून पाहिली, पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडे क्वचितच दिसतं, म्हणाले, आणि फार औषधही नाही. इंजेक्शनं सुरू झाली.

घरच्यांशी तुम्ही बोललात तेव्हा मी औषधांचा ट्रे धरून मागे उभी होते. अजूनही तशीच उभी आहे असं वाटतं. तुम्ही नवऱ्याला विचारता, "विहिरीवर मोटार आहे?"

"हाय. पानी न्हाई."

"वायरचं रबर उंदरानं कुरतडलं तर काय होतं?"

"करंट नीट येत न्हाई. कवा येतो, कवा न्हाई."

"हिच्या नसांचं तसं झालंय. अंग तापलं की जास्त होतं. ही कामचुकार नाही."

तो विचारतो, "बरी हुईल का?" तुम्ही खोटं बोलत नाही. उतार पडेल, पुन्हा येईल, कधी ते सांगता येणार नाही, असं सांगता. सासू पदर तोंडाला लावून बसलेली. आणि खाटेवरची ती मात्र रडते आहे. मला वाटतं आजार ऐकून रडते. ती म्हणते, "माझं कुनी खरं धरतच न्हवतं, बाई."

नवरा तिला माहेरी नाही, घरी घेऊन गेला. हे सगळं मी मुलींना दर वर्षी सांगते, तुमचं वाक्य त्यांच्याकडून वहीत लिहून घेते. माझ्या वहीतलं वाक्य काय होतं तेही सांगते.

पुढचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. खूप वर्षांनी घोडेगावच्या बाजारात मला ती दिसली. गुरांच्या गर्दीपासून बाजूला, लिंबाखाली, कासरे आणि घुंगरं मांडून बसली होती. डोक्यावर ओला पंचा, शेजारी काठी. पाय बरेच गेले होते. दुकान नवऱ्यानं घालून दिलेलं. मुलगी लग्न होऊन राहुरीला. तिनं मला ओळखलं आणि हसली. "तुमीच ना त्या, मला न्हानीतून उचलनाऱ्या?" वॉर्डात मी काय बोलले ते तिला आठवत नव्हतं, की आठवूनही तिनं काढलं नाही, कोण जाणे. मीही विचारलं नाही. मग तिनं विचारलं, "त्या मोठ्या बाई बऱ्या हायेत ना?"

तुम्हाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मी म्हणाले, "बऱ्या आहेत. तुझी आठवण काढतात."