कुठला डूली?

५ ऑगस्ट २००७, रविवार

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठ्या माणसांवर पुढे सिनेमे निघतात, तेव्हा तारखांचा घोळ नको.

मी जनरल नील. मेरिडियन, मिसिसिपीचा पहिला आणि एकमेव खरा रॅपर. (कॉर्नेलियस गॅदिंग्ज हे नाव फक्त आई आणि वीज कंपनी वापरते.)

संकल्प एकच. यंदाच्या होमकमिंगला, हाफटाइममध्ये, एलिजा ग्रीन हायस्कूलच्या बँडने माझं गाणं वाजवायचं. रेडिओवर गाणं नुसतं चालतं. त्या रात्री, शाळेत शिकून गेलेले सगळे परत आलेले असताना बँडने वाजवलं, की ते गावाचं होतं. मग ते लग्नात वाजतं, मयतीनंतरच्या जेवणातसुद्धा वाजतं. शिवाय जाकिया, माझी मुलगी, बँडमध्ये सुझाफोन वाजवते. तो पितळी भोंगा तिच्यापेक्षा मोठा आहे, अंगाभोवती गुंडाळून चालावं लागतं. त्यातून बापाचं गाणं निघालं पाहिजे. मग मी मेलो तरी चालेल. दुसऱ्या अल्बमनंतर.

८ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर टायर. ही नोकरी तात्पुरती आहे. मालक मिस्टर हॅरेल म्हणाले, तात्पुरती आहे हे मी अकरा वर्षं ऐकतोय, निदान वेळेवर तरी येत जा. कलाकाराशी बोलायची पद्धत नाही माणसाला.

एका गाडीच्या काचेला डूलीच्या शोचं पत्रक अडकवलेलं होतं. सोनेरी दात काढून हसतोय. हाच डूली पूर्वी स्टेजवर माझा टॉवेल धरायचा. माझ्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द माझ्याबरोबर ओरडायचा, एवढंच काम. आता जॅक्सनच्या रेडिओवर त्याचं गाणं लागतं. नुसते शेवटचे शब्द ओरडून माणूस कुठल्या कुठे जातो!

पत्रकाने इंजिनातलं तेल मोजायची डिपस्टिक पुसली.

११ ऑगस्ट, शनिवार

बँडची तालीम शाळेच्या पार्किंगमध्ये, ऐन उन्हात. मी जनरलचा कोट घालून गेलो, सोनेरी झुपक्यांचा. बँडमास्तर मिस्टर थॅक्स्टन यांना सीडी दिली. गाणं : ‘जनरलची सलामी’. त्यांनी मला शाळेत ड्रम शिकवला होता आणि मग काही गैरसमजातून बँडमधून काढून टाकलं होतं.

म्हणाले, हे बघ बाळा, गाणी मी निवडतच नाही. स्टँडमधली पोरं जे आपणहून ओरडतात, तेच मी बसवतो. तू त्यांना ओरडायला लाव, मी वाजवतो.

म्हणजे होकारच.

जाकिया लांबून खुणा करत होती. जवळ आली आणि दात आवळून म्हणाली, बाबा, प्लीज, तो कोट काढ. उन्हाची काळजी वाटते पोरीला.

१८ ऑगस्ट, शनिवार

चर्चचा फिश फ्राय, म्हणजे मासे तळून गावजेवण. बाहेर गाडीची डिकी उघडून सीडी विकायला उभा राहिलो. मोठे मोठे लोक असेच वर आले आहेत. आत लोक तळलेल्या कॅटफिशसाठी रांगेत, बाहेर मी. चर्चचा कारभार बघणारे डीकन प्रुइट यांनी चार सीडी नेल्या. माझे डोळे भरून आले. मग म्हणाले, टोमॅटोच्या वाफ्यावर टांगायच्यात, चकाकल्या की पाखरं फिरकत नाहीत.

गाणं घरात तर गेलं. उद्या वारा सुटेल, नीट लटकवा म्हटलं.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेच्या फुटबॉलची मोसमातली पहिली मॅच. स्टँडमध्ये बरोबर मधोमध बसलो. शांतता झाल्यावर उठून, छाती फुगवून ओरडलो, सलामी! सगळा स्टँड माझ्या मागून ओरडणार होता. माझ्या शेजारी बसलेले, सैन्यातून निवृत्त झालेले एक आजोबा उठले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. बाकी कुणी हललं नाही. आजोबा बराच वेळ उभे होते. मग मलाच त्यांना खाली बसवावं लागलं.

मागची पोरं डूलीचं गाणं गुणगुणत होती. गाव नासलं आहे.

२८ ऑगस्ट, मंगळवार

सुचलं! टायर बसवतानाच सुचलं. (त्या गाडीचे नट पुन्हा एकदा तपासायला हवे होते. परत आली तर बघू.)

डूलीवर गाणं करायचं. या धंद्यातला जुना नियम आहे : वरच्याला नाव घेऊन झोडायचं. तो चिडतो, उलटं गाणं काढतो, लोक दोघांची तुलना करतात आणि खरा कोण ते जगाला कळतं. डूली चिडका आहेच. एकदा मी टॉवेल ओला का म्हणून विचारलं होतं, तर दोन दिवस बोलला नव्हता.

१ सप्टेंबर, शनिवार

रेकॉर्डिंग. पीनट माझा मावसभाऊ. त्याच्या कपाटात स्टुडिओ आहे, बायकोच्या हिवाळी कोटांमध्ये उभं राहून गायचं. आवाज मऊ येतो, नाकात डांबरगोळ्या जातात.

पीनटने बीट असा केला की त्याची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत, नाचत आली. कडव्यांत मी डूलीची सालटी काढली : दात खोटे, गाडी भाड्याची, टॉवेलसुद्धा माझा. पण खरी ताकद धृपदात आहे. आधी गर्दी विचारते, डूली? डूली? मग मी म्हणतो, कुठला डूली? पुन्हा, डूली! डूली! कोण हा डूली? असं शेवटपर्यंत.

पीनटने हेडफोन काढला. म्हणाला, भावा, एक विचारू? यात तुझं नाव कुठाय? मी म्हणालो, माझं नाव सगळ्यांना माहीत आहे. तो म्हणाला, आणि त्याचं नाव तू इतक्यांदा घेतलंयस, की उद्या पोपटसुद्धा बोलेल. म्हटलं, पीनट, तू बटणं दाब. रणनीती तुझं खातं नाही.

८ सप्टेंबर, शनिवार

ब्लू रूम क्लबमध्ये डीजेने गाणं लावलं. आधी दोघं-तिघं उठले, मग सगळे. अख्खा क्लब हात वर करून ओरडत होता, डूली! डूली! इतका राग मी या गावात पाहिला नव्हता. ‘कुठला डूली’ हे माझे शब्द त्या गोंगाटात ऐकूच येत नव्हते.

डीजेला म्हटलं, कोणाचं गाणं आहे ते तरी सांग. तो माईकवर म्हणाला, हे डूलीचं नवीन! घाईत माणूस चुकतो.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

मॅच. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, कुणी न सांगता, पोरांचा सगळा स्टँड सुरू झाला. डूली! डूली! बाकांवर पाय आपटत. स्कोअरच्या पाटीवरचे आकडे थरथरत होते. मी मिस्टर थॅक्स्टनकडे पाहिलं. ते डोळे मिटून काठीने मांडीवर ताल धरत होते!

जाकियाला मॅचनंतर विचारलं, ऐकलंस? ती म्हणाली, ऐकलं. मग माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, बाबा, तुला बरं वाटतंय ना? म्हटलं, पोरी, बाप जिंकतोय तुझा. तिने माझ्या कागदातले उकडलेले शेंगदाणे घेतले आणि बसकडे गेली.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

डूलीचं उत्तर नाही. घाबरला.

२६ सप्टेंबर, बुधवार

अजून उत्तर नाही. इतकं घाबरणंही बरं नव्हे. त्याच्या घरावरून सहज गाडी नेली. पुन्हा एकदा नेली. तो अंगणात मांस भाजत होता. हात हलवून हाक मारली, नील, रिब्ज झाल्यात, ये की रे! शत्रूशी असं वागतात? हॉर्न वाजवून निघून आलो.

२९ सप्टेंबर, शनिवार

डूलीचा शो. हेरगिरीसाठी गेलो. दिवे गेले, धूर सोडला, आणि सुरू झालं माझं गाणं. माझा आवाज, डांबरगोळ्यांसकट. पाच हजार लोक ओरडायला लागले, डूली! डूली! माझा आवाज विचारतोय, कोण हा डूली? आणि बरोबर त्या ठेक्याला तो उडी मारून धुरातून बाहेर आला, दोन्ही अंगठे स्वतःच्या छातीकडे.

बेशरमपणालाही मर्यादा असते. मी त्याला शिव्या घातल्यात आणि हा त्यावर नाचतोय! नंतर माईकवर म्हणाला, हे गाणं माझ्या जुन्या मोठ्या भावाने केलंय, त्याने मला सगळं शिकवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाव सांगितलं का? सांगितलं. पण त्याच वेळी डीजेने भोंगा वाजवला आणि माझ्या बाजूची बाई म्हणाली, काय म्हणाला? जेरल नील?

पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू केली नाही. संताप, संताप, संताप.

३० सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर आईकडे जेवण. आई सिंकपाशी कोलार्डच्या भाजीची पानं धूत होती आणि धुता धुता गुणगुणत होती. डूली, डूली. म्हटलं, आई, तू पण? ती म्हणाली, अरे, जिभेवर बसलंय मेलं. त्या डूलीने छान केलंय हो. लहानपणी तुझ्याबरोबर यायचा, किती अशक्त होता.

म्हटलं, आई, ते मी केलंय. आवाज ओळखला नाहीस?

आईने नळ बंद केला. म्हणाली, कॉर्नेलियस, दुसऱ्याच्या कामावर हक्क सांगू नये. हे मी तुला शिकवलेलं नाही.

मक्याचा कॉर्नब्रेड घेतला नाही. (एकच घेतला.)

६ ऑक्टोबर, शनिवार

नवीन गाणं. या वेळी धृपदात फक्त माझं नाव. जनरल! जनरल! नील! नील! पीनट म्हणाला, हे तोंडात बसत नाही रे, चावावं लागतं. ब्लू रूममध्ये लावलं. लोकांना वाटलं दोन गाण्यांमधली जाहिरात आहे. सगळे दारू आणायला गेले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

संकल्प : डूलीचं नाव तोंडातून काढायचं नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार

दुकानात दिवसभर तेच गुणगुणत होतो. मिस्टर हॅरेलनी दाखवून दिलं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

शुभशकुन! शाळेची उघडी पांढरी गाडी दुकानात आली. उद्याच्या होमकमिंगच्या मिरवणुकीत पाहुण्याला मागच्या सीटवर उंच बसवतात, तीच. ड्रायव्हर म्हणाला, चारही टायर बघा, पाहुणा मोठा आहे, गावातला रॅपर आहे, नाव गुपित. मला बघून डोळा मारला. मीही मारला.

मिस्टर थॅक्स्टन शब्दाचे पक्के. ओरडायला लाव म्हणाले, मी लावलं. गाणं कोणाचं हे बँडमास्तरला कळणारच, त्यांना कान आहेत.

टायरला काळं पॉलिश केलं. सीट माझ्या शर्टाने पुसली. मागे बसून एकदा हात हलवून पाहिला. कोट धुवायला टाकला.

२० ऑक्टोबर, शनिवार, सकाळ

काल रात्री लिहिलं नाही.

मिरवणुकीसाठी मी कोपऱ्यावर कोट घालून उभा होतो. गाडी वळणावरून आली. मागच्या सीटवर डूली. टायर चकाकत होते. त्याने मला पाहिलं, गाडी थांबव म्हणून ओरडला, चढ ना रे दादा, म्हणाला. मी म्हणालो, माझं काम आहे. काम नव्हतं.

घरी जाणार होतो. पण जाकिया मैदानात उतरायची होती, म्हणून सगळ्यात वर, कुंपणाला टेकून उभा राहिलो. कोट गाडीत ठेवला.

हाफटाइम. बँड आला. मिस्टर थॅक्स्टननी हात वर नेला आणि सुझाफोनांनी पहिला सूर फुंकला. माझं गाणं. माझं. कडवी नाहीत, दात नाहीत, टॉवेल नाही, माझा आवाज नाही. नुसतं पितळ आणि ड्रम. अख्खं स्टेडियम उठलं. अटलांटाहून आलेले, शिकागोहून आलेले, आजोबा, डीकन प्रुइट, माझी आई. डूली! डूली! भोंगे विचारत होते, आणि आता उलट प्रश्न करणारं कुणीच नव्हतं. जाकिया पहिल्या रांगेत, भोंगा डावीकडे-उजवीकडे फिरवत, गाल फुगवून. इतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

मी ओरडलो नाही.

ओरडलो. कुंपण धरून, घसा फुटेपर्यंत ओरडलो. जनरल नाही ओरडलो. डूली ओरडलो. बाकी काही ओरडताच येत नाही त्यात, मीच तसं केलंय.

नंतर जाकिया आली, केसांना घाम. म्हणाली, बाबा, ऐकलंस? या गाण्याची सीडी मीच दिली होती मिस्टर थॅक्स्टनना. त्यांना सांगितलं, हे माझ्या बाबांचं आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे, धृपदापाशी घाई करतो, ड्रमवरही करायचा. मग तिने हळूच सांगितलं, बाकीच्या मुलांना मी नाही सांगितलं. चालेल ना? तू त्या दिवशी कोट घालून आला होतास म्हणून.

म्हटलं, चालेल.

पोरीला उचलून घ्यावंसं वाटलं. भोंगा मधे आला.

त्याच दिवशी, दुपार

दुकान. एक बाई गाडी घेऊन आल्या, चाक हलतंय म्हणाल्या. ऑगस्टमधली तीच गाडी. नट घट्ट केले. त्या स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून गात होत्या. म्हणाल्या, काय गाणं आहे ना डूलीचं!

तोंडाशी आलं होतं.

हो, म्हटलं, छान आहे. बाकीची तीनही चाकं बघून देऊ का?